अज्ञात पुरुषाचा हात

शंका घेण्याचा मला पगार मिळतो.

निलंग्यातल्या एका सरकारी कचेरीत मी बावीस वर्षं लिपिक आहे. समोर आलेल्या कागदात खोट शोधायची, नाही सापडली तर पुन्हा शोधायची, आणि शेवटी शेरा मारायचा : ‘खुलासा व्हावा.’ (हे दोन शब्द मी झोपेतही बडबडतो असं बायको म्हणते. तिच्याकडे पुरावा नाही.)

माझी मुलगी मुक्ता नववीत आहे. तिच्या शाळेनं यंदा पोर्टफोलिओ सुरू केला. म्हणजे पोरांनी केलेलं काम, त्याचे फोटो, चुका, दुरुस्त्या, सगळं मोबाइलवर एका जागी ठेवायचं. मॅडमनी तिथंच सुचवायचं, पोरांनी तिथंच सुधारायचं, आणि पालकांनी तिथंच बघून कौतुक करायचं. यातलं कौतुक सोडून मला सगळंच संशयास्पद वाटलं.

“काय करून राहिलीस गं मोबाइलात?”

“पोर्टफोलिओ भरून राहिले, पप्पा.”

“मग अभ्यास कधी?”

“ह्योच अभ्यास हाय!”

उत्तर इतकं तयार होतं की मी मनातल्या मनात फाइल उघडली!

तिचा प्रकल्प होता आमच्या शेतातल्या विहिरीचा. दर रविवारी दोरीला दगड बांधून आत सोडायचा, पाणी किती खाली गेलं ते मोजायचं, फोटो काढायचा, नोंद करायची. असे तिनं चौदा रविवार केले. शाळेतून एकच पोर्टफोलिओ लातूरच्या प्रदर्शनाला जाणार होता आणि शिंदे मॅडमनी मुक्ताचाच निवडला होता. फक्त पालकांच्या अभिप्रायाचा रकाना रिकामा होता. तो शनिवारी दुपारी बाराच्या आत भरायचा होता. नाहीतर नंबर दुसऱ्याचा.

शनिवारी सकाळी शाळेला निघताना ती म्हणाली, “पप्पा, ‘छान आहे’ एवढंच लिहा. लई काही लिहू नका.”

“न वाचता लिहू?” मी म्हणालो. बावीस वर्षांत मी न वाचता काही लिहिलेलं नाही. (वाचून काही समजलं होतं, असा दावा नाही.)

ती गेली आणि मी तपासणीला बसलो. आलेख फार सरळ. अक्षर फार सुंदर. आणि चौदाच्या चौदा फोटोंत विहिरीच्या काठावर दोरी धरलेला एक हात! पुरुषाचा! केसाळ, मूठ जाडजूड, अंगठ्याचं नख काळंनिळं. इसम आळशीही असावा, कारण एकाही फोटोत त्यानं दोरी नीट धरलेली नव्हती. म्हणजे काम करणारा दुसराच कोणी आणि नाव माझ्या लेकीचं!

मी मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेलो. “सुनंदा, ह्यो कोन?”

बायकोनं आधी फोटो बघितला, मग मला बघितलं. “वळखंना का?”

“न्हाई.”

“मग ऱ्हाऊ द्या. ‘छान आहे’ लिहा अन् आंघोळीला जावा.”

“तू कायतरी लपवून राहिलीस!”

“मी भाकर थापून राहिले.”

आता बायकोही कटात सामील! मी दोन्ही अंगठ्यांनी धडाधड टाइप केलं : ‘सदर प्रकल्पातील छायाचित्रांत एका अज्ञात पुरुषाचा हात आढळून येतो. तो कोणाचा व प्रकल्पात त्याचा सहभाग किती, याबाबत खुलासा व्हावा.’ खाली ‘सादर करा’ असं बटण होतं. असं बटण मी आयुष्यात कधी दाबल्याशिवाय सोडलेलं नाही.

दाबलं. मुक्ताच्या नावापुढची हिरवी खूण पिवळी झाली आणि अक्षरं उमटली : ‘पडताळणी प्रलंबित.’

हे शब्द मी हजारो लोकांना दाखवले असतील. ते इतके वाईट दिसतात, हे मला पहिल्यांदाच कळलं.

अकराला मॅडमचा फोन आला. “अहो सर, हे काय लिहिलंत? मला ते काढता येत नाही. मुक्तानं पुराव्यासकट उत्तर दिल्याशिवाय पुढं जाणार नाही, आणि ती म्हणते, पप्पांनाच विचारा.”

मी घाम पुसला. बायको शांतपणे म्हणाली, “अवो, जरा अंगठा बघू तुमचा.”

बघितला. केसाळ हात. जाडजूड मूठ. काळंनिळं नख. (कचेरीचं कपाट. दिवाळीआधी. स्वतःच लावलं, स्वतःचाच अंगठा चेमटला.)

मग एकेक रविवार आठवायला लागला. “पप्पा, दोरी धरा जरा,” असं मुक्ता म्हणायची, मी डाव्या हातानं दोरी धरायचो आणि उजव्या हातानं फोन कानाला लावून साडूशी राजकारणावर बोलायचो. चौदा रविवार!

“आधी सांगायचं न्हाई का?”

“तुमी वळखता का न्हाई, तेच बगून राहिले होते.”

स्कूटर काढून शाळेत पोचलो. मुक्ता बाकावर बसली होती. रडत नव्हती, तेच जास्त लागलं.

“पप्पा, तुमाला वाटलं मी दुसऱ्याकडून करून घेतलं?”

बावीस वर्षांत मला कोणी खुलासा मागितला नव्हता. मी हात पुढे केला. तिनं तो टेबलावर पालथा ठेवला, फोटो काढला आणि खाली लिहिलं : ‘सदर हात पालकांचाच आहे. दोरी धरण्यापलीकडे त्याने प्रकल्पात काहीही केलेले नाही.’ तोवर खिडकीत अख्खी नववी ‘अ’ जमली होती. हात बघायला! बाराला आठ मिनिटं कमी असताना खूण हिरवी झाली. मुक्ता मात्र माझ्याशी बोलली ती थेट लातूरला.

तिथं परीक्षक म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते. ते पोर्टफोलिओ बघत बघत माझ्या शेऱ्यापाशी थांबले आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, “तो हात म्हणजे आपणच का?”

मी हात वर केला.

“वा! चौदा रविवार विहिरीवर होतात. मग सांगा, पाणी किती खाली गेलं?”

मी वर छताकडे बघितलं. मग मुक्ताकडे.

“पप्पा, सांगू का?” ती हळूच म्हणाली.

परीक्षक मनापासून हसले आणि त्यांनी गुणपत्रकावर लिहिलं : ‘प्रकल्प विद्यार्थिनीने पूर्णपणे स्वतः केला आहे, याबाबत तिळमात्र शंका नाही.’

माझ्या अज्ञानाइतका भक्कम पुरावा आमच्या कचेरीत अजून कोणी जोडलेला नाही!