बोटभर उघडं दार

हे मी आजवर नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित सांगता येतंय.

मी याद्या करणारी बाई आहे. जळगावात एका शाळेच्या कार्यालयात नोकरी, मेहरूणला घर, आणि घरातल्या प्रत्येक कामाची यादी. फ्रिजचीसुद्धा होती. पंधरा दिवसांनी बर्फ वितळवायचा. महिन्याने दाराचं रबर सोड्याच्या पाण्याने पुसायचं. मागची जाळी झाडायची. गरम भांडं आत ठेवायचं नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणीही चटका देतं, तेव्हा फ्रिज ही काही चैन नव्हे. ती यादी शेजारणी माझ्याकडून उतरवून घ्यायच्या. एक गोष्ट तिच्यात नव्हती, कारण ती मला माहीत नव्हती. माहीत नसणं हा काय गुन्हा आहे, असं तुम्ही म्हणाल. नाहीच. पण मी त्याबद्दल बोलत नाहीये.

माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणायचो. साक्रीजवळच्या खेड्यातल्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे राहायला आल्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण गावात कुणाच्या म्हशीला कितवं रेडकू झालं, कुणाच्या लग्नात पंगतीला काय कमी पडलं, सगळं तोंडपाठ. एखादा फोन नंबर लागला की मी डायरी शोधेपर्यंत अक्का तो म्हणून दाखवायच्या. असं डोकं होतं त्यांचं. हे आधी सांगायला हवं होतं मला.

त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर आम्ही स्वयंपाकघराची फरशी बदलली. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, धरणगावची नणंद येणार होती. जुन्या फरशीवर फ्रिजच्या पुढच्या पायांखाली लाकडाच्या दोन चकत्या होत्या. कुणी, कधी ठेवल्या कोण जाणे. मला ते गबाळं वाटायचं. नव्या फरशीवर मी फ्रिज स्वतः सरळ बसवला. गवंड्याकडची पट्टी मागून घेतली, ती पाण्याचा बुडबुडा मधोमध आणायची असते ती, आणि पाय पिळून पिळून बुडबुडा बरोब्बर मध्ये आणला. चकत्या कचऱ्यात टाकल्या. गवंडीसुद्धा म्हणाला, "ताई, तुम्ही आमच्या पोटावर पाय आणता."

आखाजीच्या सकाळी फ्रिजचं दार बोटभर उघडं होतं. आत बर्फाचं पाणी खालच्या भाजीच्या ट्रेमध्ये उतरलेलं, दूध फाटलेलं, आणि आदल्या संध्याकाळी काढून ठेवलेला पातेलंभर आमरस आंबलेला. नणंदेने चमचाभर चाखला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "काय वहिनी, आखाजीले रस म्हणून ताक पाजता का?" सगळे हसले. ती मस्करीच होती. पण माझ्या स्वयंपाकघरात कधी काही आंबत नसे — आणि मी लगेच म्हणाले, "मी नाही. रात्री पाण्याची बाटली घ्यायला अक्का उठल्या होत्या."

अक्का म्हणाल्या, "दार मी लायेल व्हतं वं. माले याद शे."

मी म्हणाले, "याद असती तर उघडं राहिलं असतं का?"

लेकीसमोर, वर्षाच्या सणाला. अक्का पोळीचा तुकडा ताटातच फिरवत राहिल्या.

त्यानंतर आठवड्यातून दोनतीनदा दार उघडं सापडायचं. मी एक कागद लिहून फ्रिजवर चिकटवला, मोठ्या अक्षरांत: अक्का, दार लावलं का? त्यांना वाचता येत नव्हतं. हे मला ठाऊक नव्हतं का? तरी चिकटवला. मग तो कागद कुणासाठी होता? येणाऱ्याजाणाऱ्यांनी वाचावा म्हणूनच ना? अक्कांनी माझ्या नवऱ्याकडून तो वाचून घेतला. ऐकून मान हलवली.

मग त्या दार लावून पुन्हा उघडून बघू लागल्या. पुन्हा लावायच्या, तळहाताने दाबून धरायच्या, आणि चार पावलं गेल्या की परत यायच्या. दार लावलं की पदराला गाठ मारायची अशी युक्ती काढली. दुपारपर्यंत पदराला पाचसहा गाठी व्हायच्या आणि कुठली गाठ कशाची ते कळेनासं व्हायचं. मी ते पाहायचे. मनात म्हणायचे, वय झालं. फोन नंबर विचारला तर म्हणू लागल्या, "डायरीमा पाह्य. मना भरोसा नही."

श्रावणात फ्रिजची मोटर थांबेनाशी झाली, म्हणून मेकॅनिकला बोलावलं. त्याने रबर तपासलं, ते उत्तम होतं. मग दार अर्धं उघडून हात सोडला. दार जागच्या जागी उभं राहिलं. जरासा धक्का दिला तर आणखी उघडलं. तो हसला. "ताई, इतका लेव्हलमध्ये कुणी बसवला? फ्रिज पुढून दोन बोटं उंच पाहिजे, मागे झुकलेला. म्हणजे दार आपोआप बंद होतं. हा असा ठेवला तर माणसाने लावलेलं दारही सुटून येतं." त्याने पुढचे पाय उचलले, दार सोडलं, आणि ते हळूच जाऊन चिकटलं.

अक्का पलीकडच्या खोलीत वाल सोलत बसल्या होत्या. मी मेकॅनिकला म्हणाले — हळू आवाजात म्हणाले — "बाहेर काही बोलू नका." त्याला काय पडली होती? तो गेला.

अक्कांनी विचारलं, "काय सांगे तो?"

"गॅस कमी झाला होता," मी म्हणाले.

"बिघडनं ना मनामुये?"

ऐकताय ना तुम्ही? त्यांच्यामुळे बिघडला का, असं त्यांनी मला सरळ विचारलं होतं. एक शब्द पुरला असता: नाही. मी वालाची टोपली उचलली आणि आत गेले.

हाच माझा दोष. बुडबुडा मधोमध आणला तो नव्हे. आखाजीला बोलले तो होता, पण तोही एवढा नव्हे. कळल्यावर गप्प राहिले, तो.

दार पुन्हा उघडं सापडलं नाही. नवरा कौतुकाने म्हणाला, "तुझ्या चिठ्ठीचा उपयोग झाला बघ." मी ती चिठ्ठी काढलीही नाही. आणि अक्का? त्यांना वाटलं, इतकी टोचणी लावली तेव्हा कुठे आपलं डोकं जरासं चालतंय. पण भीती गेली नाही. गणपतीनंतर म्हणाल्या, "माले साक्रीले धाडी दे. तुन्हं किती नुकसान करू?" त्यांच्या सामानाची यादी मीच केली. काही विसरलं नाही.

डायरीत मी लिहिलं होतं: अक्कांशी बोलणे. या आठवड्यात झालं नाही की पुढच्या पानावर उतरवायचे. भाजी आणणे, वीजबिल भरणे, अक्कांशी बोलणे. बाकीच्यांवर रेघ मारली जायची. संक्रांतीला आम्ही साक्रीला गेलो. ठरवूनच गेले होते. तिथल्या मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, अक्का आता स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाहीत, माठातलं पाणीसुद्धा मागून घेतात. अक्का ओसरीत बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी विचारलं, "फ्रिज बरा चालस ना?" मी म्हणाले, "बरा चालतो." त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. माझ्यासाठी. मी तिळाची वडी त्यांच्या हातावर ठेवली आणि आम्ही निघालो.

उन्हाळा लागायच्या आत त्या गेल्या. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत.

दहाव्याला सगळे जमले होते. नणंद रडत होती. म्हणाली, "आईचं एवढं डोकं, पण शेवटी काहीच राहिलं नाही बाई तिला. वहिनी, ते फ्रिजच्या दारापासूनच सुरू झालं ना?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. नवराही.

मी म्हणाले, "हो."