उघडी बाटली आधी

तिला प्रयोगशाळेत सगळे अन्नपूर्णा म्हणत, कारण काचेच्या बश्यांमधल्या पेशींना खाऊपिऊ घालण्यातच तिची हयात गेली होती.

विषाणू म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा. पेशीत घुसतो आणि तिच्याच चरबीतून आपल्या पिलावळीसाठी पांघरुणं शिवतो. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी उलटा डाव टाकला: विषाणूच्या मागे न लागता पेशीचा चरबीचा कारखानाच थोडे दिवस बंद करायचा. त्यासाठीची गोळी दुसऱ्या आजारावर आधीपासून चालतच होती. बश्यांत ती घातली आणि विषाणू वाढेचना. सगळे नाचायचेच काय ते बाकी होते.

अन्नपूर्णेचा धाकटा भाऊ वेल्डर. याच विषाणूच्या तापानं तो रुग्णालयात पडला होता आणि दिवसेंदिवस खालावत होता. डॉक्टर म्हणाले, गोळी देऊन बघू, पण यकृत आधीच सुजलंय, आणखी ताण येईल, तुम्ही ठरवा. भावानं बहिणीला विचारलं.

"घे," ती म्हणाली. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

पहिली गोळी दुपारी द्यायची होती. त्या सकाळी तिनं फ्रीझर उघडला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. पेशींच्या जेवणात रक्तातला पिवळसर द्रव घालतात, सीरम. या प्रयोगासाठी आणलेली सीरमची बाटली सीलबंदच होती. मग इतके दिवस पेशींनी खाल्लं काय?

घरी काय, इथे काय, बाईचा कायदा एकच: उघडलेलं आधी संपवायचं, मग नवं फोडायचं. शेजारची उघडी बाटली तळाला गेली होती. ती दुसऱ्या कामासाठी मागवलेली, चरबी काढून टाकलेल्या सीरमची. जेवणात चरबी नाही, वर कारखाना बंद. विषाणू उपाशी मरेल नाही तर काय! पण माणसाच्या रक्तात चरबी वाहत असते. तिथं त्याला ती बाहेरून आयती मिळाली तर? आपल्या काटकसरीचा असा संताप तिला जन्मात आला नव्हता.

"मॅडम, माझ्याकडून मोठा घोळ झालाय."

मॅडमनी सगळं ऐकलं आणि सीलबंद बाटली स्वतः हातात घेऊन पाहिली. "औषध तरीही चालत असेल गं. पण पुन्हा प्रयोग लावून बघायला दोन-तीन दिवस जातील. तेवढा वेळ आहे त्याच्याकडे?"

"माहीत नाही."

"मग रुग्णालयाला काय कळवू?"

"थांबा म्हणावं," ती म्हणाली.

ते दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. नव्या बश्यांना नेहमीचं सीरम घातलं, गोळी घातली, विषाणू सोडला. औषध चाललं तर भावाचे मोलाचे दिवस आपण घालवले. नाही चाललं तर त्याची आशाच संपली. इकडे आड, तिकडे विहीर. देवाकडे मागायचं तरी काय?

शेवटी तिनं मायक्रोस्कोपला डोळा लावला. गोळी घातलेली बशी आणि न घातलेली बशी, दोन्हींत सारखीच धूळधाण. पेशी फुटून तळापासून सुटल्या होत्या. मॅडमनीही पाहिलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तिनं फोन लावला.

"ताई, चाललं का गं?"

"नाही रे."

त्याची धाप ऐकू येत होती.

"म्हणजे घेतली नाही तेच बरं झालं."

"हो."

"मग आता दुसरं काय आहे?"

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं.

"काही नाही रे राजा. मी येतेय तुझ्याकडे."

"लवकर ये," तो म्हणाला.