एकरकमी मीठ

सात फेब्रुवारी. मीठ, तीनशे अठ्ठेचाळीस रुपये. या पावतीवर वर माझी सही आहे आणि खाली माझ्या साडूचे वाकडेतिकडे अक्षर.

मी शेती संशोधन संस्थेचा हिशेबनीस. बी. कॉम., एकतीस वर्षे सेवा, निवृत्तीला चौदा महिने. साडू आमच्याच काचघरात कुंड्यांना पाणी घालतो. दहावी नापास. पंचवीस वर्षे शिंप्याकडे काजे-बटणे केली, दुकान बंद पडल्यावर ही हंगामी जागा मीच मिळवून दिली. पण बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणून नात्याने मोठा. कचेरीत मला ‘साहेब’ म्हणतो, घरी ‘अरे’.

काचघरात गव्हाची दोनशे रोपे होती. खारट जमिनीत गहू तग कसा धरतो, हे संशोधक बाई तपासत होत्या. मला त्या बिलांपुरत्या ओळखत. साडूशी मात्र तासभर बोलत. तो बादलीतला थेंब जिभेवर ठेवून मिठाचे प्रमाण सांगे, यंत्रही तेच सांगे. पान चिमटीत धरून म्हणे, “हे आज रुसलंय.” बाई लगेच वहीत लिहून घेत. एकतीस वर्षांत माझे एकही वाक्य कुणी लिहून घेतलेले नाही.

मार्चअखेर त्याची मुदत संपत होती. वाढवावी की नाही, यावर मी फाइलवर अभिप्राय दिला: ‘काम साधे आहे. कोणीही करू शकेल.’

तेवढ्यात मुलीच्या बाळंतपणासाठी त्याला चार दिवस जावे लागले. मी म्हणालो, “जा बिनघोर. मी बघतो.”

“साहेब, पहिल्या दिवशी बादलीला एक माप मीठ. मग दोन, मग तीन, चौथ्या दिवशी चार.”

“शेवटी चारावरच जायचंय ना?”

“जायचंय. पण चालत.”

घरी बायको म्हणाली, “तुम्हाला जमेल ना? भाऊजींचा हातच वेगळा आहे हो.”

हात वेगळा! कुंडीत पाणी ओतायला! हप्ते पाडून हेलपाटे कशाला, म्हणून पहिल्याच सकाळी मी चार मापे कालवली आणि काम एकरकमी उरकले.

दुसऱ्या दिवशी रोपांनी माना टाकल्या. तिसऱ्या दिवशी पाने कडेने करपली. मी बाईंना जे केले ते सांगितले.

बाई ओरडल्या नाहीत, ते जास्त लागले. म्हणाल्या, “मीठ हळूहळू वाढलं की रोप तयारी करतं. वाढ आवरती घेतं. पेशींत साखर आणि प्रोलिन नावाचं द्रव्य साठवतं, म्हणजे आतलं पाणी टिकतं. आत शिरलेलं मीठ जुन्या पानांत कोंबतं, कोवळी वाचवतं. हे सगळं करायला त्याला दिवस लागतात. तुम्ही त्याला एक सकाळ दिलीत.”

साडू परतला तो थेट काचघरात. साध्या पाण्याने कुंड्या धुऊन काढल्या. सदतीस रोपे वाचली. बाकीच्या कुंड्यांत नवे बी पेरले. मग बाईंसमोर, शिपायासमोर मला म्हणाला, “अरे, चालत म्हटलं होतं ना?”

कचेरीत. ‘अरे’.

आठवड्याने फाइल परत आली. माझ्या अभिप्रायाखाली बाईंनी लिहिले होते: ‘काम कोणीही करू शकत नाही, हे सिद्ध झाले आहे. दोन वर्षे मुदतवाढ द्यावी.’ पुरावा म्हणून एकशे त्रेसष्ट मेलेल्या रोपांची यादी जोडली होती. आदेश मीच टंकलिखित केला.

घरी बायकोचा चेहरा फुललेला. “ताईचा फोन होता. भाऊजींचं काम झालं! तुमच्यामुळेच ना?”

“हो,” मी म्हणालो. खोटे नव्हते.

नव्या पेरणीसाठी साडूने पदरचे मीठ आणले होते. बेचाळीस रुपये. ही पावती सहीविना माझ्या खणात आहे. पैसे अजून दिलेले नाहीत.