तिळी दिसती का गं?

रानात असताना लुगड्याच्या काठाला किती कुसळं चिकटली ते कळत नाही. घरी येऊन निवांत उपटायला बसलं की संपता संपत नाहीत! आमच्या तिळीच्या गोष्टींचं तसंच. एक काढावी तर खाली चार!

निझामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी, माझी जाऊ सगुणा अन् शेजारची हौसा, तिघी सोनारीच्या शिवारात ओढ्याकाठच्या झाडीत शेळ्या चारायचो. तिळी ही सासूबाईंची कुत्री. मांजराएवढी, अन् रंग वाळल्या गवताचा! झाडीत शिरली की गायबच. त्यात त्या साली लांडग्यानं गावातली दोन कुत्री उचललेली. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, हातभर अंतरापलीकडचं दिसायचं नाही, पण दम रोजचा, "तिळीला काय झालं तर घरी येऊ नका!"

*

सगुणानं जुन्या लुगड्याची लाल चिंधी तिळीच्या गळ्यात बांधली. "आता लांबनं दिसंल बघा!"

दिसलीच की! बोराटीच्या जाळीत लाल चिंधी. आम्ही घसा सुकेस्तोवर ओरडतोय, "तिळेऽ, ये गं, ये!" चिंधी काही हलेना. हौसा तर रडायलाच लागली. मागं वळून बघते, तर तिळी आमच्या पायाशी बसून त्याच चिंधीवर भुंकतीया!

*

मग हौसाची अक्कल. म्होरक्या शेळीची घंटा काढून तिळीला बांधली. "दिसंना का, ऐकू तर येईल!"

आता शेळ्या चालायच्या त्या घंटेमागं. तिळी सशामागं सुटली अन् घंटेमागं सगळा कळप, थेट पाटलांच्या हरभऱ्यात! पाटील काठी घेऊन धावत आले, अन् बांधावरच थबकले. "अगं, शेळ्या राखायची ड्युटी कुत्रीला देऊन तुम्ही कुठं हिंडताय?"

*

एकदा घुंगरू बांधलं. देवळातल्या माकडानं ते ओढून नेलं. आम्ही तिघी चिंचेखाली उभ्या, वर छुमछुम, अन् सगुणा म्हणतीया, "तिळे, खाली उतर!"

*

पुढची अक्कल माझी. सांगायला लाज वाटते. तेलात कालवलेला शेंदूर तिळीच्या पाठीला फासला. नेमकी जत्रा! भैरवनाथाचं वाहन कुत्रं. मोटारीतनं उतरलेल्या बायकांनी शेंदरी कुत्री बघितली अन् लागल्या पाया पडायला! कुणाची पुरणपोळी, कुणाचं खोबरं. चार दिवस तिळीनं भाकरीला तोंड लावलं नाही.

आत्याबाई म्हणाल्या, "तू तिला दिसती करायला गेलीस, पर आता तिला आपण दिसंना झालो!"

*

पुढं शेंदूर उडाला, घंटा शेळीकडं गेली, चिंधी बोराटीतच राहिली. अन् एके दुपारी तिळी झाडीत शिरली ती आलीच नाही. ओढ्याच्या वाळूत लांडग्याची ताजी पावलं! सगुणा पळत जाऊन आत्याबाईंना घेऊन आली.

"गप बसा गं सटव्यांनो! तुमच्या कालव्यात तिचं कण्हणं कसं ऐकू येईल?"

आम्ही श्वास धरला. कुठनं तरी बारीक कुईंऽ आलं. आम्हाला दिशा कळेना. आत्याबाई मात्र काठी टेकत सरळ झाडीत!

"आत्याबाई, नका जाऊ! लांडगा हाय तिथं!" म्हणेस्तोवर दिसेनाशा झाल्या.

आतनं काठीचा एक फटका ऐकू आला. मग दुसरा. मग काहीच नाही.

अन् मग जाळी हलली. आत्याबाई बाहेर आल्या. ओच्यात तिळी, अंगभर काटे, पण जिवंत! अन् त्यांच्या मागं दहा पावलांवर लांडगा!

आम्ही तिघी एकमेकींना धरून मागं सरकलो. आत्याबाई चिडून म्हणाल्या,

"अन् हे थोरलं कुणाचं गं? दोन काठ्या हाणल्या तरी माघारी जाईना. त्याच्या बी गळ्यात काहीतरी बांधा की!"