सरळ गुडघा

गोपिका रेवतकर नागपूरला आली ती पळायला. नरखेड तालुक्यातल्या तिच्या गावाच्या शाळेत तिला कुणी गाठू शकत नव्हतं. म्हणून बापानं अकरावीला तिला सक्करदऱ्याच्या शामलामावशीकडे ठेवलं. नागपुरातल्या पहिल्याच पंधराशे मीटरच्या शर्यतीत ती शेवटून दुसरी आली आणि ट्रॅकच्या कडेला बसून हमसून हमसून रडली.

तिथे एक बुटके, काटक गृहस्थ तिच्यापाशी येऊन उभे राहिले. ते बाबाराव घोरमाडे सर. सक्करदऱ्याजवळच्या एका शाळेत ते पीटी शिकवायचे आणि सकाळी त्याच शाळेच्या मातीच्या मैदानावर क्लब चालवायचे.

"रडून कायले राहिली वं?" सर म्हणाले. "पळणं म्हणजे काही सारं ॲथलेटिक्स नोहे. उद्या ये मैदानावर. पाहू, देवानं तुले कशासाठी बनवलं ते."

सरांची पद्धत अशी होती, की नव्या पोराला ते सगळ्या खेळांतून एकदा फिरवून आणायचे. गोपिकालाही फिरवलं. लांब उडीत ती वाऱ्यासारखी धावत यायची, पण पाय पांढऱ्या फळीच्या पुढे पडायचा. सर म्हणायचे, "बोटभर पुढं गेली काय अन् हातभर गेली काय, फाउल तो फाउल. मंग तू कितीकबी लांब उडी मार, कोणी मोजत नाही." गोळाफेकीत गोळा मानेला टेकवून ढकलायचा असतो, ती चेंडूसारखा भिरकवायची, आणि फेकून झालं की वर्तुळाच्या पुढच्या बाजूनं ऐटीत बाहेर पडायची. "मागच्या अर्ध्यातून निघ वं! केली का मेहनत पाण्यात?" चारशे मीटरमध्ये बाहेरच्या लेनमधली मुलगी सुरुवातीलाच पुढे उभी असते, कारण तिचं वळण मोठं; गोपिकाला वाटायचं आपण मागे पडलो, आणि बंदुकीच्या आधीच ती सुटायची. हाही नियम कळला, की आता दुसरी संधी नसते. एकदा चुकीचं सुटलं की बाहेर.

असे सगळीकडे फाउल करून झाल्यावर एक दिवस सर म्हणाले, "आता चालून दाखव. जोरात चाल."

ती चालली. सर बघतच राहिले. सर स्वतः तरुणपणी चालण्याच्या शर्यतीचे खेळाडू होते.

"याचे दोनच नियम," त्यांनी सांगितलं. "एक पाय तरी जमिनीले लागलेला दिसला पाहिजे, दोन्ही हवेत दिसले तर ते पळणं झालं. अन् पुढचा पाय टेकला, की शरीर त्याच्यावर येईपर्यंत गुडघा सरळ. वाकला की गेली. हे पाहायले मशीन नाही, जजचे डोळे असतात. वाटेत जागोजागी उभे राहतात. शंका आली की पिवळी पाटी दाखवतात, खात्री झाली की लाल कार्ड लिहून मुख्य जजकडं पाठवतात. तीन वेगवेगळ्या जजचे तीन कार्ड झाले, की खेळ खतम."

त्या दिवसापासून गोपिका चालू लागली. मैदानावर, तलावाच्या बाजूच्या रस्त्यावर, थंडीत कान बांधून. या चालीत कंबर हलते, त्याला रस्त्यावरची पोरं हसायची; मावशीलाही आधी लाज वाटायची. पण गोपिका जिल्ह्यात पहिली आली, मग विभागात, आणि हसणं थांबलं. बी.ए. झाल्यावर घरी स्थळं येऊ लागली तेव्हा सर एसटीनं तिच्या गावी गेले. बापासमोर खाटेवर बसून म्हणाले, "भाऊ, पोरगी मले द्या अजून काही वर्षं. लग्न काय, होते. हे पाय पुन्हा येत नाहीत." बाप तयार झाला. गोपिका दाराआड उभी होती. आपल्यासाठी एवढं कुणी बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. त्यानंतर सर म्हणतील ते तिच्यासाठी प्रमाण झालं. घरून संत्र्याची पेटी आली की पहिली संत्री सरांच्या घरी जायची.

गेल्या हिवाळ्यात राज्य स्पर्धा नागपुरातच भरली. महिलांची दहा हजार मीटर चाल, म्हणजे ट्रॅकवर पंचवीस फेऱ्या. पहिल्या दोघींची राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड होणार होती. गोपिकाची वेळ इतकी चांगली होती, की तिचं नाव सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

शर्यतीच्या आधी सर तिच्यापाशी आले. अंगात पंचांचा कोट होता. सरांनी त्याच वर्षी जजची परीक्षा पास केली होती आणि जजांच्या राष्ट्रीय पॅनलवर जायची त्यांना फार हौस होती.

"एका जजले ताप आला," ते म्हणाले. "त्याच्या जागी मले उभं केलं. मायाकडं पाहू नको. तू तुयं काम कर."

गोपिकाला बरंच वाटलं. सहा जजांत एक तरी माणूस आपला.

शर्यत सुरू झाली. पाच-सहा फेऱ्यांत गर्दी फुटली आणि गोपिका एका पुण्याच्या मुलीसोबत पुढे निघाली. शर्यत अर्ध्यावर आली तेव्हा लाल कार्डांच्या फलकावर तिच्या नंबरासमोर एक लाल खूण दिसली. तिला आश्चर्य वाटलं. आजवर जिल्ह्यात, विभागात तिला एकही कार्ड मिळालं नव्हतं. असेल एखादा कडक जज, असं म्हणून ती चालत राहिली. थोड्या फेऱ्यांनी दुसरी खूण पडली.

आता तिनं सगळं लक्ष पायांवर आणलं. पण गुडघ्यात काय चुकतंय तेच तिला कळेना. पाय तर रोजच्यासारखेच पडत होते. दुसऱ्या वळणावर सर उभे होते. ती त्यांच्यासमोर आली आणि सरांचा हात वर झाला. हातात पिवळी पाटी, पाटीवर वाकलेल्या गुडघ्याची खूण.

लोकांना दाखवायला करत असतील, असं तिला वाटलं. आपल्या पोरीला सूट देतो असं कुणी म्हणू नये म्हणून. पुढच्या फेरीत ती वळणावर आली तेव्हा सर तिच्याकडे पाहत नव्हते. मान खाली घालून ते लाल कार्डावर लिहीत होते.

वळण संपून सरळ भाग लागला तिथे मुख्य जज लाल पाटी घेऊन आडवे आले. गोपिका ट्रॅकच्या बाहेर झाली. नियमाप्रमाणे छातीवरचा नंबर तिनं काढला. पिन बोटाला टोचली, तेही तिला कळलं नाही.

मंडपाच्या मागे नंदिनी मेश्राम पाणी घेऊन आली. नंदिनी क्लबमधलीच, गोपिकाहून लहान, तिच्या मागे मागे चालून तयार झालेली.

"सरांनी काहून केलं असं?" गोपिका म्हणाली. "नऊ वर्षांत एकदाबी म्हणाले नाही, की तुया गुडघा वाकते."

नंदिनी जमिनीकडे पाहू लागली. ते गोपिकाला खटकलं.

"काय झालं? बोल ना वं."

"ताई, तुले खरंच माहीत नव्हतं?" नंदिनी हळूच म्हणाली. "वर्षभर झालं. सर आम्हाले तुयाच मागं उभं करायचे अन् म्हणायचे, गोपिकाचा उजवा गुडघा पाहा, तसं करायचं नाही. मले वाटलं, तुले सांगून झालं असंन."

गोपिकानं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. रोज सकाळी ती पुढे चालायची आणि मागून मुलींची रांग. तिला वाटायचं, सर सगळ्यांना आपला वेग दाखवतात.

दोन दिवस ती घराबाहेर पडली नाही. मावशी म्हणाली, "जज म्हणून त्याइनं खरं ते केलं, एवढंच धर." गोपिका म्हणाली, "मावशी, कार्डाचं मले काही नाही." तिसऱ्या सकाळी ती मैदानावर गेली. मुलं पळत होती. सर चुन्यानं लेन आखत होते. तिला पाहून ते ताठ झाले, बोलायची तयारी केल्यासारखे.

"नियम तो नियम, गोपिका. तिथं मी तुया सर नव्हतो. आपल्या पोरीले सोडलं असतं तर लोकाइनं माया तोंडात शेण घातलं असतं."

"तिथं नव्हते, कबूल," गोपिका म्हणाली. "इथं तर होते ना, सर? इथं काहून नाही सांगितलं?"

सरांनी चुन्याचा डबा खाली ठेवला.

"सांगितलं असतं तर चाल मोडावी लागली असती. सारं पहिल्यापासून. वर्ष गेलं असतं, वेळ घसरली असती. तुयी वेळ पाहून क्लबात पोरं येऊन राहिली होती. जिल्ह्यात कोणी पकडत नव्हतं. मले वाटलं, पुढंबी असंच निभून जाईन."

"अन् नाही निभलं, तर पहिले तुम्हीच धरलं."

"मी तिसरा होतो," सर म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांनाच ते कसंतरी वाटलं असावं, कारण त्यांनी चुन्याचा डबा पुन्हा उचलला.

गोपिकाला ओरडायचं होतं. माझ्या बापाकडून मला याच्यासाठी मागून घेतलं होतं का, असं विचारायचं होतं. पण समोर मुलं थांबून पाहू लागली होती, आणि त्यांतल्या कितीजणांना हे आधीपासून माहीत असेल, या विचारानं तिला तिथे उभं राहवेना. ती वळली आणि निघून आली. त्या मैदानावर ती पुन्हा गेली नाही.

पुढचं वर्ष कठीण गेलं. गोपिका एका जिममध्ये सकाळची नोकरी करू लागली आणि संध्याकाळी तलावाच्या रस्त्यावर अगदी सावकाश, शिकाऊ मुलीसारखी चालू लागली. मावशी कट्ट्यावर बसून मोबाइलवर चित्रण करायची. घरी येऊन गोपिका ते थांबवून थांबवून पाहायची. उजवा गुडघा पाय टेकताना किंचित वाकत होता, पोटरीच्या जुन्या दुखण्यामुळे बसलेली सवय. एकदा दिसल्यावर तिला तो प्रत्येक पावलात दिसू लागला. इतकं उघड होतं ते. वाकणं हळूहळू गेलं. सोबत वेगही गेला.

यंदाची राज्य स्पर्धा नाशिकला झाली. गोपिका सहावी आली. फलकावर तिच्या नंबरासमोर एकही खूण नव्हती. नंदिनी तिसरी आली. घोरमाडे सर आता राष्ट्रीय पॅनलवर होते आणि त्या दिवशी दुसऱ्या गावी होते. नंदिनीच्या फोनवर त्यांचा निरोप आला.

"ताई, सरांनी शर्यत फोनवर पाहिली. म्हणे, गोपिका छान चालली."

गोपिकानं बूट काढता काढता विचारलं, "माया गुडघा कसा होता?"

"सरळ होता."

"खरं सांगून राहिली?"

"हाव."

"शेवटच्या फेरीतबी?"

नंदिनीचा चेहरा उतरला. "मी कायले खोटं बोलू, ताई? तवाबी मी खोटं बोलली नव्हती. मले वाटलं होतं तुले माहीत आहे. किती वेळा सांगू?"

गोपिकानं दुसरा बूट काढला. असं खोदून विचारायची तिला आता सवयच झाली होती. भाजी चांगली झाली म्हटलं तरी ती मावशीला दोनदा विचारायची. जिममध्ये कुणी कौतुक केलं की त्याच्या मागे काय असेल ते शोधायची. पूर्वी ती अशी नव्हती.

"माफ कर," ती शेवटी म्हणाली. नंदिनीनं मान हलवली, पण तिच्याजवळ बसली नाही. दोघी एकाच बसनं स्टेशनवर गेल्या, दोन वेगळ्या सीटवर बसून.