चार दिवसांचा गारठा

मी थापाड्या आहे, हे जपानातल्या आमच्या अख्ख्या फुनाबोरीला ठाऊक आहे. इथल्या दिवाळी मेळाव्यात मी एकदा फुजी पर्वत लंगडी घालत चढल्याचं सांगितलं होतं, आणि दोघांना ते पटलंही होतं. त्यामुळे डॉक्टरांनी बायकोच्या आजारापुढे हात टेकले तेव्हा मी तिला म्हणालो, "घाबरतेस काय? तुला गोठवून ठेवू. औषध निघालं की उठवू. दोनशे वर्षं म्हणजे एक डुलकी!"

"मला एसी सोसत नाही," ती म्हणाली, "आणि हा मला गोठवतोय!"

मग मी फोन सुरू केले. इतके केले की कान भाजून निघाला. माणसं गोठवणाऱ्या संस्था अमेरिकेत निघाल्या, युरोपात निघाल्या. पण जिथे कमोडचं झाकणसुद्धा माणूस पाहून अदबीने उघडतं, त्या जपानात मला एक टाकी सापडेना. शेवटी एक मध्यस्थ मिळाला. लेक त्याच्याशी जपानीत बोलली आणि फोन ठेवून म्हणाली, "बाबा, ते फक्त पेपर्स करतात. टाकी परदेशात. म्हणतात, आईला आधीच तिकडे न्या."

डॉक्टरांनी विमान सोडाच, लिफ्टलाही मनाई केली होती.

मी वॉर्डात गेलो. "झालं बुकिंग! योकोहामाला. खिडकीजवळची टाकी."

तिने डोळे उघडले नाहीत. "समुद्र दिसतो?"

"दिसतो तर!"

"थापाड्या," ती म्हणाली. "माझी शाल विसरू नकोस."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

इथे दहनाला नंबर लावावा लागतो. आमचा चार दिवसांनी लागला. तोवर तिला घरीच ठेवलं. अंत्यविधीवाला रोज सकाळी यायचा, तिला वाकून नमस्कार करायचा आणि अंगाभोवतीचा ड्राय आइस बदलायचा. दोनशे वर्षांच्या बाता मारणाऱ्याला मिळाला तो एवढाच गारठा. मी त्याला मोडक्या जपानीत विचारलं, चाराचे आठ होतील का? वीस? त्याने मान खाली घातली.

शेवटच्या सकाळी तो रिकाम्या हातांनी आला.

"आजचा बर्फ?" मी विचारलं.

"बाबा," लेक म्हणाली, "आज नको ना. आज निघायचंय."

मी शाल आणून तिच्या अंगावर घातली. कानाशी वाकलो. योकोहामाला निघालोय, एवढंच सांगायचं होतं. तोंड उघडेना.