थोरलीचं वजन

धाकटी अकरा वर्षं जिमच्या काउंटरवर बसली. येणाऱ्यांची नावं लिहायची, लॉकरच्या किल्ल्या द्यायच्या आणि महिनाभरात गायब झालेल्यांना फोन करून "येताय ना?" असं गोड आवाजात विचारायचं, हे तिचं काम. अडतिसाव्या वर्षी तिनं घरात जाहीर केलं, की आपण ट्रेनर होणार. नवरा म्हणाला, "आधी आपला जिना न थांबता चढून दाखव." हसली नाही ती फक्त थोरली. थोरली म्हणजे तिची बहीण, दहा वर्षांनी मोठी, शेजारच्याच गल्लीत शिवणकाम करणारी. तिच्या शब्दाला घरात वजन होतं. ती "शीक" म्हणाली आणि जिन्याचा विषय तिथंच मिटला.

अभ्यास मात्र धाकटीनं जीव ओतून केला. स्वयंपाकघराच्या दारावर सांगाड्याचं चित्र चिकटवलं, स्नायूंची नावं घोकत भांडी घासली. वर्गातली बाकीची मंडळी विशीतली; दंड फुगवून बसायची आणि हाडांची नावं आली की चारीमुंड्या चीत व्हायची. ही पहिल्या बाकावर. शेवटची परीक्षा तेवढी कागदावरची नव्हती. कुणातरी एका माणसाला बारा आठवडे व्यायाम शिकवायचा, दर रविवारी त्याचं वजन आणि मापं घ्यायची आणि ती फाइल सादर करायची. फाइल नाही तर प्रमाणपत्र नाही.

"माणूस कशाला शोधतेस? मी आहे की," थोरली म्हणाली. "मशीनवर बसून बसून माझंच खुर्चीशी लग्न लागलंय."

फाइलीच्या सुरुवातीला चाळीस प्रश्न होते. छातीत दुखतं का, चक्कर येते का, ऑपरेशन झालंय का. माणसाला समोर बसवून एकेक प्रश्न विचारायचा आणि उत्तर त्याच्याच तोंडून घ्यायचं, असं सरांनी तीनतीनदा बजावलं होतं. पण ही तर सख्खी बहीण! तिला काय विचारायचं? धाकटीनं बसमध्ये मांडीवर फाइल ठेवून चाळीसही ठिकाणी "नाही" लिहून टाकलं. थोरलीनंही न वाचता खाली सही ठोकली.

वजन पहिल्या आठवड्यापासूनच उतरायला लागलं. चौथ्या रविवारपर्यंत चार किलो गेलं. वर्गातल्या इतरांची माणसं जागची हलत नव्हती. एकाचा मेहुणा तर उलट वाढला होता. सरांनी थोरलीचा आलेख फळ्यावर काढून दाखवला, आणि धाकटीला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं. थोरलीही खूश. गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला सारून तिनं स्वतःचे दोन जोड आत घेतले. पंधरा दिवसांनी तेच पुन्हा आत घेतले.

"दम लागतो गं हल्ली," ती एकदा म्हणाली.

"लागणारच. दम लागला नाही तर तो व्यायाम कसला?"

"आणि जेवण जात नाही."

"भूक ताब्यात येतेय, ताई. चांगलं लक्षण आहे."

धाकटी हे पुस्तकातलं बोलत होती. मनापासून बोलत होती, हेच वाईट.

नवव्या आठवड्यात थोरली व्यायाम करता करता भिंतीला धरून खाली बसली आणि तिला उठवेना. मग दवाखाना, तपासण्या, मोठं हॉस्पिटल. तिथल्या डॉक्टरीणबाई कागदावर पेन टेकवून एकेक विचारत होत्या.

"गेल्या सहा महिन्यांत काही कारण नसताना वजन उतरलं होतं का?"

"नाही," धाकटी म्हणाली.

"उतरलं होतं की," थोरली म्हणाली. "हिनं व्यायाम सुरू करायच्या आधीच तीन किलो. म्हटलं, बरंच झालं."

फाइलीतला सव्विसावा प्रश्न. शब्द अन्‌ शब्द तोच.

"मला कधी बोलली नाहीस, ताई?"

"तू विचारलंस कुठं?" थोरली सहज म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार असती तर धाकटीला सोसलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी धाकटीच्या हातातली फाइल मागून घेतली. "इतकी नेटकी नोंद नातेवाईक कधी ठेवत नाहीत," असं म्हणत त्यांनी पानं उलटली. चौथ्या रविवारावर त्यांचं बोट थांबलं. "या सुमाराला आला असतात तर..." एवढं बोलून त्या औषधांकडे वळल्या. रोग पोटातून यकृतापर्यंत गेला होता.

धाकटीनं घरी येऊन फाइल फाडायला घेतली. थोरलीनं अंथरुणातून हात पुढे करून ती ओढून घेतली.

"अर्धवट शिवलेला कपडा मी कधी कुणाला दिलेला नाही. तीन रविवार राहिलेत ना?"

"नको गं मला ते प्रमाणपत्र."

"मला हवंय. आणि ते पहिले प्रश्न आता नीट विचार."

मग धाकटीनं जुन्या उत्तरांवर रेघा मारल्या आणि चाळीसही प्रश्न तोंडानं विचारले. मध्ये मध्ये थोरलीला दम खावा लागे, म्हणून त्याला दोन दिवस लागले.

"गर्भवती आहात का?"

"लिही, विचार चालू आहे," थोरली म्हणाली. दोघी हसल्या. हसता हसता धाकटीला रडू फुटलं, तेव्हा थोरलीनं तिला पुढचा प्रश्न विचारायला लावला.

बाराव्या रविवारी थोरलीला वजनकाट्यावर एकटीनं उभं राहता येईना. "मला घेऊन तूच चढ, आणि तुझं वजा कर," तिनं सुचवलं. धाकटीनं शिकल्याप्रमाणे गुडघे वाकवले, पाठ ताठ केली, श्वास रोखला आणि तिला उचललं. जोर लागलाच नाही.

"किती?" खांद्यावर डोकं टेकून थोरलीनं विचारलं.

वजाबाकी केव्हाच झाली होती. "थांब, करतेय हिशेब," धाकटी म्हणाली आणि तिला खाली न ठेवता काट्यावर तशीच उभी राहिली.